कोणता पाडवा?

चिखलीच्या डॉक्टरांनी कागदावर पेनाने गुडघा काढून दाखवला. कलाबाईने तो कागद हातात घेतला, आधी लांब धरला, मग जवळ आणला, मग उलटा केला.

"हे माहं हाय?" ती म्हणाली. "मले वाटलं तुमी जात्याची खुंटी काढली."

डॉक्टर हसले नाहीत. दोन्ही सांध्यांतली कूर्चा झिजून गेली आहे, हाडावर हाड घासतं आहे, गुडघे बदलावे लागतील, असं त्यांनी सांगितलं. बदलल्यावर घर, अंगण, बाजार, एसटीची पायरी, सगळं जमेल. उकिडवं बसणं आणि डोंगरदरी मात्र कायमची बंद. आणि बदलले नाहीत, तर वर्षा-दीड वर्षात अंगणही बंद.

तिची मुलगी धम्मशीला शेजारच्या खुर्चीवर होती. नागपूरच्या एका खासगी रुग्णालयात हाडांच्या वॉर्डात नर्स म्हणून तिची चौदा वर्षं गेली होती. एक्स-रे पाहिला तेव्हाच तिला हे कळलं होतं. तारीख ठरवायला तिने पर्समधून डायरी काढली, तेवढ्यात आई म्हणाली,

"मंग घुमरी?"

"कोण घुमरी?" डॉक्टरांनी विचारलं. घरात सांभाळायची नात वगैरे असेल, असं त्यांना वाटलं.

घुमरी म्हणजे सावरखोरीच्या वरचा धबधबा. अमडापूर आणि उंद्रीच्या मधल्या डोंगरांत हे गाव आहे. पठारावरचं पाणी एका जागी एकदम दरीत पडतं आणि त्या जागेला गाव घुमरी म्हणतं. धबधबा हा शब्द तिथे शाळेच्या पुस्तकापुरता. तिचं नाव कुठल्या पाटीवर नाही, तिथे चहाची टपरी नाही, रविवारी मोटारसायकली येत नाहीत. कलाबाईच्या दारापासून ती पायवाटेने साडेतीन किलोमीटर. पावसाची झड लागली की पहाटे तिचा आवाज गावात येतो. कुणी कणगीत तोंड घालून बोलतंय असा. त्या दिवसांत गावात एकमेकांना विचारतात, "बोलून राह्यली का?" आणि आवाज आला असेल तर म्हणतात, "हाव, बोलली."

कलाबाई अठराव्या वर्षी लग्न होऊन सावरखोरीत आली. आता सदुसष्ट. एकोणपन्नास वर्षं तिने घुमरी ऐकली होती, पाहिली एकदाही नव्हती. घुमरीला पाणी असतं तेव्हा शेतात निंदण असतं, आणि निंदण सरतं तोवर पाणी सरलेलं असतं. मजुरीच्या बाईला पावसाळ्यात रिकामा दिवस नसतो. दुसरंही एक कारण होतं. ती नवी नवरी होती तेव्हा वरच्या अंगाच्या पाण्याकडे बौद्धवाड्यातल्या बायांनी फिरकायचं नाही, असं गावाने न लिहिता ठरवलेलं होतं. पुढे तसं म्हणायची कुणाची हिंमत राहिली नाही. पण तोवर पायांना त्या वाटेची सवय लागायची राहून गेली ती गेलीच.

"ऑपरेशन ऑक्टोबरात करू," धम्मशीला डॉक्टरांना म्हणाली. "मधे एक पावसाळा मिळू द्या."

जानेवारीचा तो दुसरा आठवडा. हातात एक पावसाळा आणि एकच फेरी होती. असे गुडघे घेऊन माणूस दरीत दुसऱ्यांदा उतरत नाही.

धम्मशीलाने या कामाला वॉर्डातल्या पद्धतीने हात घातला. वहीत बारा महिन्यांचे बारा रकाने पाडले आणि विचारायला लागली. शाळेचे गुरुजी ज्ञानेश्वर म्हणाले, पंधरा ऑगस्ट, झेंडावंदन झालं की निघायचं. अमडापूरचा ऑटोवाला फारुख म्हणाला, ऑगस्टात नाल्याला पूर असतो, ऑटो पुलाच्या अलीकडेच थांबेल आणि पुढे अम्मीला काय बदकासारखं पोहत नेणार का? शेजारच्या सिंधूताईंच्या मुलाने जुलै सांगितला आणि त्याच दमात सांगितलं की जुलैत आपण स्वतः शेवाळावरून घसरून हात मोडून घेतला होता. पाणी असलं की वाट नाही, वाट असली की पाणी नाही. सगळे रकाने भरले आणि सगळ्यांत फुली पडली.

शेवटी तिने भागवतला फोन लावला. भागवत धनगर. त्याच्या साठेक बकऱ्या बारा महिने घुमरीच्या अंगाला चरतात. ऊन असो की पाऊस, त्याच्याइतकं तिथे कुणी बसलेलं नाही. फोनवर तो ओरडून बोलायचा, नागपूर लांब आहे म्हणून.

"पाडव्याले या, सिस्टर!" तो म्हणाला. "पाडव्याले पानीबी राह्यते अन् वाटबी राह्यते. पाडव्याच्या आंधी वाट नाही, पाडव्याच्या मांगं पानी नाही. डोये झाकून या!"

धम्मशीलाने वहीत 'पाडवा' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या आणि वॉर्डातल्या भिंतीवरची सुट्ट्यांची यादी पाहिली. यादीत पाडवा एकच होता. गुढीपाडवा, मार्चमधला गुरुवार. दिवाळीतल्याला यादी बलिप्रतिपदा म्हणत होती.

मार्चात पाणी? शंका तिलाही आली. पण अकराव्या वर्षी ती वसतिगृहात गेली होती आणि डोंगर तिला उन्हाळ्या-दिवाळीच्या सुट्टीपुरताच माहीत होता. असेल एखादा जिवंत झरा. बारा महिने तिथे बसणारा माणूस डोळे झाकून या म्हणतो, तिथे डोळे उघडे ठेवून आपण काय वेगळं पाहणार? शिवाय सणांच्या बाबतीत तिचा स्वतःवर भरवसा नव्हता. तिचे वडील कचरू हयात होते तोवर घरातल्या कॅलेंडरवर ते दर वर्षी निळ्या पेनाने गोल करत: चौदा एप्रिल, वैशाख पौर्णिमा, आषाढ पौर्णिमा, अशोक विजयादशमी. बाकी तारखा म्हणजे नुसत्या तारखा. पाडव्याला या घरात गुढी नव्हती, आणि बैल कधी नव्हतेच, त्यामुळे पोळा सोडून द्यायचीही कधी वेळ आली नाही.

तिने तीन दिवसांची रजा टाकली. आईला फक्त एवढंच सांगितलं, "पाडव्याच्या दिवशी सकाळी तयार राहा. कुठं ते विचारू नको."

*

त्या गुरुवारी सकाळी सात वाजता फारुखचा ऑटो दारात आला. कलाबाई निळ्या काठाचं पांढरं लुगडं नेसून, पिशवीत भाकरी, ठेचा आणि कांदे घेऊन बसली. गावाबाहेर आल्यावर फारुखने विचारलं, "कहां लेना, मॅडम?"

धम्मशीला पुढे वाकून हळूच म्हणाली, "पुलापर्यंत. घुमरीला जायचंय."

फारुखने आरशातून तिच्याकडे पाहिलं. "मार्च मधी?"

"हो."

"मग टँकर बी बुलाऊ क्या सोबत?"

"तुम्ही चालवा."

कलाबाई बाहेर बघत होती. तिने ऐकलं की नाही, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही.

पुलाखाली नाल्यात वाळू होती. तिथून पायवाट दरीच्या काठाने जाते आणि मग उतरते. धम्मशीलाने आईला दंडाला धरलं, दुसऱ्या हातात काठी दिली. दर वीस पावलांवर थांबायचं, पाणी प्यायचं, पुढे निघायचं. अडीचशे मीटरच्या उताराला एक तास वीस मिनिटं लागली. पळस फुलले होते. आवाज कसलाच येत नव्हता, आणि शेवटच्या वळणाआधीच धम्मशीलाला कळून चुकलं.

वळण संपलं. समोर काळा कातळ सरळ उभा होता, नऊ-दहा पुरुष उंच, आणि कोरडा ठणठणीत. खालच्या डोहात गुडघाभर हिरवट पाणी होतं, त्यावर पळसाच्या पाकळ्या आणि एक प्लास्टिकची बाटली.

धम्मशीलाने मोबाइल काढला. रेंज नव्हती. ती भागवतच्या नावाने जे बोलली, ते वॉर्डात कधी बोलली नसती. आणि तिचं वाक्य संपतं न संपतं तोच कातळाने ते शेवटापासून पुन्हा म्हटलं, स्पष्ट, तिच्याच आवाजात, थोडं जड करून.

कलाबाई हसायला लागली. ती हसली तशी दरीही हसली. मग तिला आणखीच हसू आलं. एका दगडावर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर ती हसली.

"पोरी, पाडवे किती असतात?"

"किती म्हणजे?"

"तीन. गुढीचा, दिवाळीचा, अन् पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा. त्याले कोनी कर म्हंते, कोनी पाडवा. भागवत्या बकऱ्या चारते, त्याले गुढीचा पाडवा कायले आठवन? त्यानं पोळ्याचा सांगतला असन तुले."

"तुला माहीत होतं? केव्हापासून?"

"फारुखनं टँकर म्हटलं तवापासून."

"मग बोलली काऊन नाहीस?" रागात धम्मशीलाच्या तोंडी गावची बोली आली.

"तू रजा काढून आलती. म्हटलं, कोरडी त कोरडी. घर त पाहून घेऊ तिचं."

आणि ती खरंच घर पाहायला आल्यासारखी पाहू लागली. धम्मशीला बाटली उचलून पिशवीत टाकत होती, मनातल्या मनात रजेचे दिवस वजा करत होती; पण आई इतकी गप्प का झाली म्हणून तिने मान वर केली, आणि मग तीही बघत राहिली.

पाणी नव्हतं म्हणून पाण्याने काय केलं होतं ते सगळं उघडं पडलं होतं. कातळाच्या मधोमध वरपासून खालपर्यंत एक पन्हळ होती, दोन माणसं आत उभी राहतील एवढी रुंद, आणि तिच्या कडा हाताने घासून घासून गोल केल्यासारख्या. बाकीचा कातळ खडबडीत, पण त्या पन्हळीत बोट फिरवलं तर पाट्याचा गुळगुळीतपणा. पायथ्याशी दगडातच एक रांजण कोरला गेला होता, आत एकही टोक नाही, बुडाशी मुठीएवढे चार-पाच गोटे. त्या गोट्यांनी तो रांजण केला होता, दर पावसाळ्यात आतल्या आत फिरून. किती पावसाळे लागले असतील? धम्मशीलाने हिशेब करायचा प्रयत्न केला. माणसाच्या हाडावरची कूर्चा सदुसष्ट वर्षांत झिजते, हे तिला माहीत होतं. या दगडासाठी कुठून मोजायला सुरुवात करायची, तेच तिला कळेना.

"एवढ्या उंचून पडते?" कलाबाई हळू म्हणाली. हळू बोललं तर कातळ काही बोलत नव्हता. "मले वाटे, असन आपल्या विहिरीएवढी. अन् आवाज इतला लांब कसा येते, याचंच नवल वाटे."

भाकरी खाताना तिची नजर वरच होती. मधेच तिचा घास हातात थांबला.

"शीला, ते पाह्य. लेंड्या."

पन्हळीच्या डाव्या अंगाला ढासळलेल्या दगडांची उतरण होती आणि तिच्यावरून बकऱ्यांच्या वाळक्या लेंड्या ओघळल्या होत्या, थेट वरून. वर, कातळाच्या माथ्यापासून दोन पुरुष खाली, पन्हळीच्या मागे एक काळी आडवी खाच दिसत होती.

"बकऱ्या चढल्या असतील," धम्मशीला म्हणाली.

"चढल्या म्हंजे एखांदी. हे ढीग हायेत. बसत असतीन रोज." कलाबाईने घास तोंडात टाकला आणि चावत चावत बोलली. "बकरी पान्याले भेते. थेंब पडला की झाडाखाली पळते. मंग ऐन धारीच्या मांगं कायले बसन? तठी कोरडं असन तवाच बसन ना. पावसातबी कोरडं."

धम्मशीलाने चप्पल काढून ओढणी कमरेला बांधली आणि ती उतरण चढली. खाच म्हणजे कपार निघाली: बारा पावलं लांब, सहा-सात पावलं खोल, छत डोक्याच्या वर हातभर. भिंतीला बकऱ्यांचे केस चिकटलेले, कोपऱ्यात राख, विड्यांची थोटकं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कपारीचं डावं तोंड पळसांतून सरळ वरच्या माळावर निघत होतं. माळावरून गाडीवाट जात होती, उंद्रीच्या रस्त्याकडे. धम्मशीलाने गाडीवाटेपासून कपारीपर्यंत पावलं मोजली. तीनशे चाळीस. जवळजवळ सपाट. हाताला आधार लागेल अशा जागा फक्त दोन.

ती खाली आली तेव्हा धापा टाकत होती. "माय, दरीत उतरायची गरजच नव्हती."

"आता सांगतं तू," कलाबाई म्हणाली.

*

परत चढायला तीन तास लागले. शेवटच्या टप्प्यात फारुख खाली आला आणि दोघांनी मिळून तिला हातांच्या पालखीवर आणलं. रात्रीपर्यंत उजवा गुडघा पपईएवढा सुजला. डॉक्टर या वेळी खूप बोलले. ऑक्टोबर विसरा म्हणाले, मेमध्येच करून टाका. सांध्यात पाणी झालंय, आणखी वापरलात तर हाड खचेल आणि नंतरचं कामही नीट बसणार नाही.

धम्मशीलाला त्यातला प्रत्येक शब्द पटला. असे शब्द तिनेच शेकडो नातेवाइकांना सांगितले होते. घरी आल्यावर तिने आईला तेच सांगितलं, क्रमाने, शांतपणे.

"झालं?" कलाबाई म्हणाली. "आता माहं ऐक. पाडवा होऊ दे."

"माय, गुडघा खचला तर जन्मभर खाटेवर राहशील."

"अन् मे मधी कापला त जन्मभर खालीच राहीन. तूच सांगतलं ना, माळ नाही, डोंगर नाही? मले एकच दिवस पाह्यजे. तीनशे चाळीस पावलं. तू मोजली."

"मी मोजली ती चूक झाली."

"चूक त तू पाडव्याची केलती. पावलं बराबर मोजली."

त्या रात्री धम्मशीला अंगणात बराच वेळ बसली. सकाळी तिने डॉक्टरांना फोन करून तारीख ऑक्टोबरातच ठेवायला सांगितली आणि आईसमोर कागदावर अटी लिहून दिल्या: पोळ्यापर्यंत खाली बसायचं नाही, निंदायला जायचं नाही, पाणी भरायचं नाही, रोज खुर्चीवर बसून पायाचे व्यायाम. एक जरी अट मोडली तर ऑपरेशन मे नाहीतर जूनमध्येच. कलाबाईने अंगठा पुढे केला. "कुठी लावू?" सही तिला चांगली येत होती.

भागवतला फोन केल्यावर तो पलीकडून इतका ओरडला की धम्मशीलाने मोबाइल कानापासून लांब धरला. "गुढीच्या पाडव्याले? अवो सिस्टर, तवा तठी माह्या बकऱ्यालेबी चूळ भराले पानी नसते! पाडवा म्हंजे पोळ्याचा. दुसरा कोनता राह्यते?" मग त्याने नीट समजावलं. श्रावणात पाणी गढूळ, माती घेऊन पडतं; पोळ्यापर्यंत ते निवळतं. आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत, म्हणून शेतात कुणाला कामही नसतं. गाव मटणाच्या रांगेत उभं असतं. घुमरीला चिटपाखरू नसतं.

कलाबाईला तो रिकामा दिवस चांगला माहीत होता. उघाड असली की सगळ्या घराच्या गोधड्या धुवायचा तिचा वर्षातला तो एकच दिवस.

*

त्या वर्षी अधिक महिना होता, त्यामुळे पोळा सप्टेंबरात सरकला. जूनच्या शेवटापासून दर रविवारी धम्मशीला भागवतला विचारायची, "धार केवढी?" भागवतची मापं अंगावरची होती. पहिल्या रविवारी करंगळीएवढी. मग अंगठा. जुलैच्या मध्याला मनगट, शेवटी मांडी. ऑगस्टात पावसाने पाठ फिरवली आणि धार उलटी उतरायला लागली: मनगट, अंगठा. ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी भागवत पहिल्यांदाच ओरडला नाही. "करंगळीबी धड नाही, सिस्टर," तो म्हणाला.

इकडे कलाबाई खुर्चीवर बसून पाय वर-खाली करत होती. दाराबाहेर सोयाबीनच्या शेतांत बाया निंदत होत्या आणि येता-जाता तिला टोमणे मारत होत्या. "काय वो कलाबाई, मिलिट्रीत चालली का?" ती मोजणं सोडत नसे. "अठ्ठावीस. हाव, बॉर्डरवर चालली. एकोनतीस."

पोळ्याच्या पाच दिवस आधी झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी पहाटे कलाबाईने नागपूरला फोन केला. धम्मशीलाची रात्रपाळी संपत आली होती.

"बोलली," आई म्हणाली. एवढंच.

दुपारी भागवतचा फोन आला. "सिस्टर, आता अंगावर माप नाही राह्यलं," तो म्हणाला. "या."

धम्मशीलाने सहकारी बाईच्या दोन रात्रपाळ्या स्वतःकडे घेतल्या, बदल्यात एक दिवस मिळवला आणि पोळ्याच्या रात्रीची बस पकडली.

पाडव्याच्या सकाळी ऊन पडलं होतं. या वेळी फारुखने ऑटो नाल्याकडे न नेता उंद्रीच्या रस्त्याने फिरवून माळावर आणला. वाटेत गोठ्यांत बैल बसलेले दिसत होते, शिंगांना कालचा रंग, अंगावर ओल्या हाताचे ठसे, आणि काम नसल्याने काय करावं ते न कळल्यासारखे डोळे. शेतांत माणूस नव्हतं. चिखलात ऑटो थांबला तिथे भागवत बकऱ्या घेऊन उभा होता, खांद्यावर घोंगडी.

"मटण सोडून आलो बरं, कलाबाई," तो म्हणाला.

"मंग बकरीसमोर नाव काढू नको बे. भेतीन त्या."

भागवतने बकऱ्या पुढे घातल्या आणि माणसं त्यांच्या मागे चालू लागली. एका बाजूला धम्मशीला, दुसऱ्या बाजूला फारुख, मधे काठी टेकत कलाबाई. धम्मशीला पावलं मोजत होती. शंभरला थांबले. एकशे ऐंशीला आईचा श्वास जड झाला, पण उजवा पाय ठरल्यासारखा पुढे पडत होता. दोनशे साठच्या पुढे बोललेलं ऐकू येईना. आवाज कानाने येत नव्हता, तळपायाने येत होता. पळसांत शिरताना फारुख तोंड हलवून काहीतरी म्हणाला. बहुतेक अल्लाचं नाव. हाताचा आधार लागणाऱ्या दोन्ही जागा त्यांनी बसून, सरकत ओलांडल्या. मग बकऱ्या एकेक करून कातळात नाहीशा झाल्या आणि त्यांच्या मागून हे आत गेले.

आत कोरडं होतं. कलाबाईने सांगितलं होतं तसं, अगदी कोरडं. राखही हलली नव्हती. आणि कपारीच्या तोंडावर, चार हातांवर, पाणी होतं.

ते पडताना दिसतच नव्हतं. उभं दिसत होतं. पांढरं, जाड, आतून उजेड असलेलं, जमिनीतून आभाळात गेल्यासारखं. बराच वेळ पाहिलं की त्यात एखादा ठिपका सापडे, पान किंवा फांदीचा तुकडा, आणि तो ठिपका डोळा लवायच्या आत खाली गेला की मग कळे की हे सगळंच्या सगळं पडतं आहे, न थांबता, मार्चात हाताने चाचपलेल्या त्या पन्हळीतून. ऊन पाण्याच्या पलीकडून येत होतं आणि कपारीच्या छतावर हलत होतं. बकऱ्यांच्या पाठींवर, भागवतच्या घोंगडीवर, कलाबाईच्या पांढऱ्या लुगड्यावर तोच हिरवट उजेड फिरत होता. थंड वारा आतून बाहेर ओढला जात होता, की बाहेरून आत, ते ठरत नव्हतं. धम्मशीलाला वाटलं, आपण काहीतरी मोजायला हवं. तिच्याकडे घड्याळ होतं, वही होती. तिने दोन्ही पिशवीतच राहू दिली.

भिंतीजवळच्या दगडावर घोंगडी अंथरून त्यांनी कलाबाईला बसवलं. तिने एकदा कानावर हात ठेवले, काढले, पुन्हा ठेवले. एकोणपन्नास वर्षं लांबून जो बोलण्याचा आवाज ऐकला, तो इथे नव्हता. इथे एकच आवाज होता, त्यात शब्द शोधायला जागा नव्हती. बकऱ्या तिच्याभोवती रवंथ करत बसल्या. एक तरणी बकरी तिच्या सुजलेल्या गुडघ्याला टेकून बसली, तिला हाकललं नाही कुणी.

तास गेला, कदाचित जास्त. फारुख भिंतीला टेकून हात जोडल्यासारखे मांडीवर ठेवून बसला होता. टँकरवाला विनोद त्याने पुन्हा केला नाही. भागवत दर पावसाळ्यात हे बघणारा, त्यानेही विडी पेटवली नव्हती.

मग कलाबाईने धम्मशीलाची बाही ओढली आणि पाण्याकडे बोट दाखवलं. धम्मशीलाने मान हलवली: नाही. कलाबाईने पुन्हा ओढली. शेवटी भागवत आणि फारुखने तिला दोन्ही काखांत धरलं, धम्मशीलाने मागून कमरेला ओढणीचा वेढा घातला, आणि कपारीच्या कडेला, जिथे धारेची बाहेरची बाजू विरळ होऊन दगडावरून ओघळत होती, तिथपर्यंत तिला नेलं. तिने हात पुढे केला. पाण्याने तो असा खाली दाबला की ती दचकली, आणि मग तिचा चेहरा उघडला. हसली, पण हसण्याचा आवाज कुणाला आला नाही. तिने ओंजळ भरली. धम्मशीलाला वाटलं, ती पिणार.

तिने लुगडं वर खोचलं आणि ती ओंजळ उजव्या गुडघ्यावर ओतली. दुसरी डाव्यावर. मग पुन्हा उजव्यावर, नीट, सुजेभोवती अंगठा फिरवत, जसं शेतावरून आल्यावर पाय धुतात तसं.

परत आत आल्यावर तिने धम्मशीलाला खाली वाकवलं आणि तिच्या कानाशी तोंड नेऊन, स्वतःच्या गुडघ्यांवर हात ठेवून ओरडली,

"यायनंबी पाह्यली! आता त्या डॉक्टराले म्हनाव, खुशाल काढ!"

धम्मशीलाने ओढणीने आईचे दोन्ही गुडघे पुसले. मग ती तिथेच, त्यांच्यासमोर, बसून राहिली. परतीची तीनशे चाळीस पावलं बाकी होती, आणि बकऱ्या अजून उठल्या नव्हत्या.